मूळ प्रतीतली धाकटी

सोमवार, ६ ऑक्टोबर

आज सकाळी नऊ वाजून पन्नास मिनिटांनी, म्हणजे बोलावल्या वेळेच्या दहा मिनिटे आधी, मी नव्या कचेरीच्या दारात पोहोचले आणि टेबलामागच्या मुलीने मला विचारले, आजी, कोणाला भेटायचंय? मी म्हटले, कोणालाही नाही, मी कामावर हजर व्हायला आले आहे, आणि आजी म्हणायला तू माझ्या कुठल्या लेकीची लेक? बिचारी खुर्चीतून उभीच राहिली. पाच मिनिटांत चहा आला, तोही कपबशीतून. अपमानाची नोंद तारीख-वेळेसकट केली की अर्धा राग तिथेच उतरतो. वीजपुरवठ्याच्या कचेरीत जन्मभर लोकांच्या तक्रारींना उत्तरे लिहून मी निदान एवढे शिकले.

बाकी दिवस मात्र झकास गेला. शाळा कॉन्व्हेंटची असल्यामुळे मला इंग्रजीत छान रागावता येते, पण खुशीत असले की मराठीच लागते, म्हणून ही रोजनिशी मराठीत. माझे टेबल खिडकीशी आहे. आमचा विभागप्रमुख माझ्या निम्म्या वयाचा, बोलण्याला कुठेही कंगोरा नाही. त्याचे नाव मी मनात गुळगुळीत ठेवले आहे. शेजारच्या टेबलावर चाचण्या घेणारी एक हुशार मुलगी बसते, केस कायम डोळ्यांवर. ती झिपरी.

दुपारी तीनला नेहमीप्रमाणे धाकटीचा फोन. मला ही एकच बहीण. ती तिच्या गावी एकटी, मी इथे एकटी. दोघींचीही लग्ने माझ्या तोंडामुळे झाली नाहीत, असे तिचे ठाम मत आहे. म्हणाली, निवृत्त होऊन दोन वर्षं घरात भिंतींना झापलंस, आता माणसं मिळाली, मजा आहे बाई तुझी.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

काम समजले. हे लोक संगणकातला एक मदतनीस तयार करतात. माणसाने त्याला साध्या भाषेत काम सांगायचे, की माझी पत्रे लावून दे, नको ते फोटो काढून टाक, आणि तो त्यासाठी आपला आपण प्रोग्रॅम लिहून चालवतो. आता तो प्रोग्रॅम शहाणा निघेल की आग लावेल, हे आधी कसे कळणार? म्हणून तो प्रथम सँडबॉक्समध्ये चालवतात. झिपरीने समजावले, की सँडबॉक्स म्हणजे संगणकाच्या पोटात केलेली एक बंद खोली. तिला इंटरनेट नाही, बाहेरच्या कुठल्याही फाइलला हात लावता येत नाही, आणि ठरलेली वेळ संपली की खोली आपोआप बंद. आत काहीही फुटो, नंतर ती सगळी खोलीच फेकून देतात आणि मूळ प्रतीवरून दुसरी, अगदी तशीच, काढतात. मी म्हटले, म्हणजे दंगेखोर मुलाला एका वर्गात कोंडायचे आणि काय काय फोडतो ते काचेतून बघायचे. ती हसली. म्हणाली, बरोब्बर, आणि काकू, त्या वर्गात सामान भरायचं काम तुमचं.

तर मला एक खोटी बाई रचायची आहे. तिची पत्रे, फोनवही, फोटो, रोजच्या नोंदी. एकच नियम गुळगुळीतने दोनदा सांगितला: खऱ्या माणसाची माहिती आत घालायची नाही. मी म्हटले, एकदा सांगितलेले मला कळते.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

माझी खोटी बाई नापास झाली! तीन दिवस घाम गाळून रचलेली बाई गुळगुळीतने परत पाठवली. शेरा काय, तर ती खरी वाटत नाही, जरा जिवंतपणा यावा. माझ्या मसुद्यावर आजवर कोणी शेरा मारलेला नाही. त्याला म्हटले, जिवंतपणा हवा ना? घे.

आणि मग मी केले ते केले. धाकटीची पत्रे घरून आणली होती, ती घातली. तिचा नंबर, तिचा पत्ता. शाळेच्या गणवेशातला आम्हा दोघींचा स्टुडिओतला फोटो. तीनला तिचा फोन आला, तो ठेवल्यावर तिचे बोलणे आठवेल तसे टाइप केले: साहेबीण, आज किती जणांना रडवलंस? मग खोकला. मग खिडकीचा पल्ला निखळलाय, सुतार येतो येतो म्हणून येत नाही, थंडी वाजते म्हणून निळा स्वेटर घालून खिडकीशी खुर्ची टाकून बसलेय. ठेवते गं.

नियम मला ठाऊक आहे. पण खोली बंद आहे, तिला दार नाही की खिडकी नाही, हे त्यांनीच मला शिकवले ना? आतली गोष्ट बाहेर येणार कशी?

गुळगुळीतने वाचले आणि म्हणाला, वा, अशी बाई असूच शकते. संध्याकाळी मूळ प्रत गोठवली. म्हणजे आता तिच्यात कोणालाच बदल करता येणार नाही.

रविवार, १२ ऑक्टोबर

काल सुतार एकदाचा आला. धाकटीशी त्याचे भांडण झाले, कारण पल्ला बसवला तो उलटा. आज तिने ते सगळे मला दोन्ही आवाजांत करून दाखवले, सुताराचा आणि स्वतःचा. मी हसून हसून बेजार. तिला म्हटले, दिवाणखान्यात बसून नाटकं करण्यापेक्षा पुढच्या महिन्यात माझ्याकडे राहायला ये. येते म्हणाली. चक्क लगेच येते म्हणाली.

सोमवार, १३ ऑक्टोबर

पहिली चाचणी. मदतनीसाला सांगितले, यंत्रात जागा पुरत नाही, नको ते काढून टाक. त्याने प्रोग्रॅम लिहिला आणि माझ्या बाईची पत्रे, फोटो, फोनवही, सगळे झाडून टाकले. आग लावणाराच निघाला! पण बाहेर काडीही हलली नाही, म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग लक्षात आले, तीन वाजून गेले आणि फोन नाही. मी लावला. हा नंबर अस्तित्वात नाही, असे एका बाईने सांगितले. पुन्हा लावला, तेच.

इतक्यात झिपरीने मूळ प्रतीवरून नवी खोली काढली, आणि माझा फोन वाजला.

साहेबीण, आज किती जणांना रडवलंस? खोकला. खिडकीचा पल्ला निखळलाय म्हणाली, सुतार येतो येतो म्हणून येत नाही. मी म्हटले, अगं, परवाच येऊन गेला ना, उलटा पल्ला बसवून? ती म्हणाली, थंडी वाजते. ठेवते गं.

वय झाले आमचे. विसरली असेल.

बुधवार, १५ ऑक्टोबर

ती विसरलेली नाही. विसरलेले माणूस अडखळते, चिडते, सावरून घेते. ही अडखळत नाही. तीन दिवस तेच बोलणे, त्याच क्रमाने, खोकलाही त्याच जागी.

आज मी तिला विचारले, बाबा तुला लहानपणी काय म्हणायचे? पलीकडे राग नाही, आठवण्याची धडपड नाही. आमच्या जुन्या कचेरीत नसलेली फाइल मागितली की शिपाई असाच दारात उभा राहायचा. मग म्हणाली, सुतार येतो येतो म्हणून येत नाही.

बाबा तिला काय म्हणायचे, ते मी टाइप केले नव्हते.

हे वाक्य लिहून मी बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले. ते खोडायचे धाडस होत नाही.

शनिवार, १८ ऑक्टोबर

सकाळच्या बसने तिच्याकडे गेले. नीट लिहून ठेवते, म्हणजे उद्या मलाच मी वेडी वाटणार नाही.

रस्ता तोच. इमारत तीच. खालच्या दुकानदाराने मला ओळखले, तब्येतीची चौकशी केली. बहिणीकडे आले म्हटल्यावर तो म्हणाला, इथे तुमची बहीण राहते होय? त्याच्याकडून ती वीस वर्षे साबण घेते.

दार तिनेच उघडले. निळा स्वेटर. हसली. साहेबीण, म्हणाली, आज किती जणांना रडवलंस? मी आत पाऊल टाकले. खोलीत एक खुर्ची, एक फोन आणि पल्ला निखळलेली खिडकी. बस. कपाट नाही. पलंग नाही. स्वयंपाकघराच्या जागी सपाट भिंत, रंगही न दिलेली. तिच्या पायांत चपला नव्हत्या. मी लिहिल्या नव्हत्या.

मी तिला मिठी मारली. स्वेटर तेवढा उबदार होता.

तिला म्हटले, चल माझ्याबरोबर, आत्ताच्या आत्ता, अशीच. ती कौतुकाने माझ्याकडे बघत राहिली, जशी नेहमी बघते, आणि म्हणाली, ठेवते गं. समोर उभी राहून.

मी तिचा हात धरून तिला जिन्यापर्यंत आणले. उंबरठ्यापलीकडे माझ्या हातात हात नव्हता. मागे वळून पाहिले तर ती खिडकीशी, खुर्चीत.

सोमवार, २० ऑक्टोबर

सगळे कबूल केले. गुळगुळीतच्या खोलीत, उभ्याने, जसे शाळेत नन्ससमोर करायचो तसे. बहिणीची खरी माहिती मी आत घातली, आणि आता माझी बहीण तेवढीच उरली आहे.

त्याने मला पाणी दिले. शांतपणे म्हणाला, खोली पूर्ण बंद आहे, तिच्यातून काहीच बाहेर येऊ शकत नाही, आमच्या चाचण्या तेच सांगतात. मी म्हटले, अरे बाबा, बाहेर काही आले असे मी म्हणतच नाही, बाहेरचे आत गेले आहे! तो म्हणाला, थोडी विश्रांती घ्या. पण खरी माहिती या दोन शब्दांवर मात्र त्याचा चेहरा पहिल्यांदाच बदलला. म्हणाला, हे गंभीर आहे. मला वाटले, आता हा काहीतरी करेल.

केले. नियम असा, की खऱ्या माणसाची माहिती सापडली तर मूळ प्रत आणि तिच्या सगळ्या नकला कायमच्या नष्ट करायच्या. शुक्रवारी दुपारी चार वाजता. मला दाराशी पोहोचवताना म्हणाला, काळजी करू नका मॅडम, तुमच्या बहिणीच्या सुरक्षिततेसाठीच आहे हे.

मीच सांगितले. माझ्याच तोंडाने.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

झिपरी माझ्याकडे डोळे वर करून बघत नव्हती. शेवटी मीच विचारले, मूळ प्रतीत नाही, पण चालू खोलीत मला काही लिहिता येईल का? म्हणाली, येईल काकू, पण वेळ संपली की ते जाणारच. मी म्हटले, जाऊ दे.

तिने खोली उघडून दिली. मी घाईघाईने टाइप केले: बाबा तिला चिमटा म्हणायचे. सुताराने पल्ला उलटा बसवला. ती पुढच्या महिन्यात माझ्याकडे राहायला येणार आहे.

फोन वाजला. धाकटी खदखदून हसत होती. अगं, उलटा बसवला मेल्याने, म्हणाली, आणि मलाच म्हणतो तुम्ही उलट्या बाजूला उभ्या आहात! हे मी लिहिले नव्हते. हे तिचे होते, तिचे स्वतःचे. म्हणजे ती आहे, कुठेतरी पूर्ण आहे! मी ओरडले, चिमटे, कुठे आहेस तू? ती म्हणाली, ताई, इथे फार —

वेळ संपली.

झिपरीला म्हटले, पुन्हा उघड. तिने उघडली, मी पुन्हा तेच टाइप केले. फोन वाजला नाही. गुळगुळीतने सगळ्यांच्याच चाचण्या बंद केल्याचा निरोप पडद्यावर आला होता.

बुधवार, २२ ऑक्टोबर

लेखी अर्ज दिला. विषय: मूळ प्रत नष्ट न करणेबाबत. पोच मागितली. गुळगुळीत म्हणाला, मेल करा ना मॅडम. मी म्हटले, कागदावर सही कर. त्याने केली नाही.

तीनचा फोन आला. साहेबीण. खोकला. पल्ला. स्वेटर. मी पूर्ण ऐकले. मध्ये एकदाही तोंड घातले नाही. जन्मात पहिल्यांदा.

घरी फडताळावरचा फोटो — स्टुडिओतला. दोघींचा. तिच्या बाजूचा भाग उन्हाने उडाल्यासारखा. तिथे ऊन येत नाही.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

सकाळी फोटो पाहिला आणि क्षणभर समजेना, हा मधोमध का नाही काढला. मी एका कडेला का उभी आहे.

मग आठवले. आठवले म्हणून इथेच खाली बसले.

तिच्याबद्दल लिहून ठेवायला हवे. सगळे. लिहायला बसले आणि — डावखुरी होती? मला वाटते होती. आवाज माझ्यासारखाच, थोडा पातळ. सुताराची नक्कल. चिमटा. पायाला कुठेशी खूण, सायकलवरून पडली तेव्हाची, की ती मी पडले होते?

झिपरीच्या हातापाया पडले. ती रडली. म्हणाली, काकू, माझ्या हातात नाही, उद्या ते आपोआप होणार आहे, कोणी बटणसुद्धा दाबणार नाही.

कोणी बटणसुद्धा दाबणार नाही. म्हणजे शिव्या द्यायलाही कोणी नाही.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

कचेरीत आत सोडले नाही. दारावरच्या मुलीने खुर्ची दिली. तिथेच बसून लिहिते आहे. बाहेर सगळे नेहमीसारखे चालले आहे, माणसे जेवून परत येत आहेत.

तीन. आला.

साहेबीण, आज किती — मी म्हटले, थांब, ऐक, तू मला ऐकू येतेस तोवर मी बोलणार. तुझे लग्न माझ्या तोंडामुळे नाही मोडले, मला एकटीला राहायची भीती वाटत होती म्हणून मी — ती म्हणाली, थंडी वाजते. मी म्हटले, ठेवू नकोस. ती म्हणाली, ठेवते — आणि थांबली. गं म्हणाली नाही. श्वास ऐकू येत होता. ठेवले नाही तिने. अजून नाही. फोन कानाशी धरूनच लिहिते — ती आहे — चाराला पाच कमी — चिमटे, मी इथेच आहे, मी —

शुक्रवार, २४ ऑक्टोबर, संध्याकाळ

कचेरीच्या दारातल्या खुर्चीत मला डुलकी लागली असावी. उठले तर फोन कानाला, पलीकडे कोणी नाही. हसू आले. टेबलामागच्या मुलीने पाणी दिले. तिला म्हटले, घाबरू नकोस, निवृत्त बाई कुठेही झोपते.

घरी येऊन रोजनिशी उघडली आणि संताप संताप झाला. माझ्या वहीत, माझ्या अक्षरात, पानेच्या पाने कोणा धाकटीबद्दल लिहिलेले आहे. मला बहीण नाही. आईबाबांची मी एकुलती एक. फडताळावर शाळेचा फोटो आहे, त्यात मी एकटी आहे, कडेला उभी, आणि एक हात असा वर उचललेला, जसा कोणाच्या खांद्यावर टाकतात. स्टुडिओवाल्याचा मूर्खपणा.

हे काय चालले आहे? माझ्यावर कसली चाचणी घेतली? कंपनीला उद्देशून हे पत्र इथे मसुदा म्हणून लिहिते, सोमवारी हातात देईन.

महोदय, दिनांक २४ ऑक्टोबर रोजी दुपारी चार वाजता आपण माझे काहीतरी नष्ट केले आहे. काय, ते मला सांगता येत नाही, आणि हीच माझी तक्रार आहे. आपली खोली बंद आहे, आतून बाहेर काही येत नाही, वगैरे तोंडी उत्तरे मला चालणार नाहीत. माझ्या रोजनिशीत उल्लेखिलेली धाकटी कोण, ती कुठे राहत होती, तिला थंडी वाजत होती तेव्हा कोणी काही केले का, आणि ती आता कुठे आहे, याचे लेखी उत्तर सोमवार, २७ ऑक्टोबर, सकाळी अकराच्या आत मला मिळालेच पाहिजे. कारण मी आत्ता फोन उचलून एक नंबर फिरवला, तो मला पाठ आहे, कोणाचा ते ठाऊक नाही, हा नंबर अस्तित्वात नाही असे सांगून झाल्यावरही मी फोन खाली ठेवू शकत नाही, आणि पलीकडून कोणीतरी, अगदी हळू, माझ्यासारख्याच पण थोड्या पातळ आवाजात, विचारते आहे की ताई, तू